सायकलीच्या पोटातला जागल्या

वस्तू हरवल्याशिवाय माणसाला तिची किंमत कळत नाही, असे वडीलधारी माणसे सांगतात. आमच्या घरी मात्र ती न हरवताच कळली, कारण त्या किमतीचे हप्ते दर महिन्याला भरायचे होते. ही वस्तू म्हणजे विजेवर चालणारी सायकल. गिरीज आणि वसई रोड स्टेशन यांच्यामधला रस्ता रोज ज्याच्या पायाखालून जातो, त्यालाच तिचे मोल समजेल. पहाटे बाबा तिच्यावर फुलांच्या करंड्या लादून स्टेशनावर जातात. तिथून आत्या त्या करंड्या लोकलने दादरच्या फूलबाजारात नेते. बाबा परत आले की सायकल माझ्या ताब्यात येते आणि मी कॉलेजला येते. म्हणजे एकाच सायकलीवर आमच्या घरचा धंदाही चालतो आणि शिक्षणही. आमच्या घरातून कॉलेजच्या फाटकात शिरलेली पहिली व्यक्ती मी. आणि माझ्या खालोखाल मान कुणाचा असेल, तर तो या सायकलीचा!

या सायकलीच्या पोटात गेले काही महिने एक जागल्या बसलेला आहे. काड्यापेटीएवढी एक डबी. ती कुठे बसवली आहे, ते या अंकात छापणे शहाणपणाचे नव्हे. आपला वार्षिकांक कुणाकुणाच्या हाती पडेल, सांगता येत नाही. एवढेच सांगते, की ती सहज दिसत नाही, सहज निघत नाही, आणि सायकल कुठेही गेली तरी आपला ठावठिकाणा बाबांच्या आणि माझ्या मोबाइलवर एका निळ्या ठिपक्याने दाखवीत राहते. या ठिपक्याने मला चोराविषयी फारसे काही शिकवले नाही. घराविषयी मात्र पुष्कळ शिकवले. त्याचीच ही हकीकत.

हा जागल्या आमच्याकडे आला तो शेजारच्या काकांमुळे. मागच्या पावसाळ्यात त्यांची अशीच सायकल बाजारातून गेली. काका भाजीची पाटी उतरवून पाच मिनिटे आत गेले, बाहेर येऊन पाहतात तो खांबाशी फक्त कुलपाची कापलेली तार. चौकीत पहिला प्रश्न विचारला गेला, ‘गाडीचा नंबर काय?’ काका गप्प. कारण या गाडीला नंबरच नव्हता. आपल्याकडच्या मोटार वाहन नियमांप्रमाणे ज्या विजेच्या दुचाकीची मोटर २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, ती मोटारगाडीत मोडत नाही. तिला नोंदणी लागत नाही, नंबराची पाटी लागत नाही, चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही. गरिबाला ही मोठीच सवलत वाटते, आणि ती आहेही. पण याची दुसरी बाजू अशी, की जिची सरकारदरबारी नोंदच नाही, ती हरवली तर ‘ती माझीच’ हे सिद्ध करायला चेसिसचा आकडा आणि खरेदीची पावती यांखेरीज काही उरत नाही. काकांची पावती पावसात भिजून तिचा लगदा झाला होता. आकडा कुणी टिपून ठेवला नव्हता. त्यानंतर काका पुन्हा पायी बाजारात जाऊ लागले. त्यांच्या चालण्याकडे पाहून बाबांनी एका संध्याकाळी निर्णय घेतला, ‘बाय, आपल्या गाडीला काहीतरी करायला हवे.’

वास्तविक आपल्या वस्तूवर खूण करून ठेवणे ही आपल्या लोकांची फार जुनी खोड. आमच्या स्वयंपाकघरात असे एक भांडे नाही, की ज्यावर आजीचे किंवा आईचे नाव टिंबाटिंबांनी कोरलेले नाही. लग्नकार्यात शंभर घरची पातेली एकत्र आली, तरी दुसऱ्या दिवशी ज्याचे पातेले त्याच्या घरी परतते, ते या टिंबांच्या जोरावर. आजोबांच्या काळी सायकललाही अशी खूण असे. मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने, म्हणजे १९५८ च्या कायद्याने, पंचायतींना सायकलींवर कर बसवण्याचा अधिकार दिला होता. कर भरला की पत्र्याचा एक बिल्ला मिळे, तो सायकलला अडकवायचा. आजोबा त्या कराविषयी कुरकुरत असत. पण बिल्ल्यावर आकडा असे, आणि त्या आकड्यामुळे सायकल कोणाची ते गावाला ठाऊक असे.

आणि वसईकराला तर खुणेचे महत्त्व कुणी वेगळे सांगायला नको. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला, तेव्हा इथल्या चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळात जी प्रसिद्ध घंटा आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटेवर १७०७ आहे, आणि बाळाला घेतलेल्या मातेची आकृतीही आहे. युद्धातील लूट आणि बाजारातील चोरी यांना मी एका तराजूत घालत नाही. मला फक्त नवल वाटते ते त्या धातूच्या स्मरणशक्तीचे. पावणेतीनशेहून अधिक वर्षे या घंटा दुसऱ्या देवाच्या दारी वाजत आहेत, आणि तरी कुणी जवळ जाऊन पाहिले की आपले जन्मसाल सांगतात. ओतताना कोरलेली खूण मूळ घर विसरत नाही.

पण खुणेची एक मर्यादा आहे. खूण फक्त ओळख पटवते. वस्तू कुठे आहे, ते ती सांगत नाही. त्यासाठी माग काढावा लागतो, आणि माग काढणारा माणूस पूर्वी गावोगावी असे. १८१९ साली एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या मुलुखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या पहारेकऱ्याचे काम सांगितले आहे. रात्री गस्त घालणे, येणाऱ्याजाणाऱ्यावर लक्ष ठेवणे, आणि चोरी झालीच तर चोराचा माग काढणे. हा माग त्याने दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवला, म्हणजे पुढची जबाबदारी त्या गावच्या जागल्यावर. तो माग पुढे नेई, किंवा भरपाईचा विचार त्या गावाला करावा लागे. पावलांच्या ठशांवरून केवढी ही व्यवस्था! अर्थात तिची काळी बाजूही विसरून चालणार नाही. हे काम वतन म्हणून गावकुसाबाहेरच्या जातींकडे असे. साऱ्या गावाच्या दौलतीची राखण करणाऱ्या माणसाला गावात राहायची मात्र मुभा नसे.

तरी त्या जागल्याची एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली आहे. तो लपून बसत नसे. रात्री त्याची हाळी साऱ्या गावाला ऐकू येई. तो कोणावर नजर ठेवतो, कोणाला उत्तर देतो आणि त्याच्या पहाऱ्याची शीव कुठे संपते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. आमच्या गिरीजच्या हिराडोंगरीवर दत्ताचे देऊळ आहे, आणि वज्रगडाच्या खुणाही तिथेच आहेत. त्या डोंगरीवर उभे राहून खालच्या वाड्या, माड आणि दूरची खाडी पाहताना मला नेहमी वाटते, की उंचावरचा पहाराही उघडाच असतो. जो वरून पाहतो, तो खालच्यांनाही दिसतो.

आमच्या डबीतला जागल्या मात्र तसा नाही. तो कसा काम करतो, याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. आमच्या आईचा समज असा, की आकाशातला उपग्रह आपल्या सायकलीकडे टक लावून पाहत असतो. खरे पाहता उपग्रह काहीच पाहत नाही. अमेरिकेच्या जीपीएस या व्यवस्थेचे निदान चोवीस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात, आणि प्रत्येक जण आपण कुठे आहोत व आपल्या घड्याळात किती वाजले, एवढेच सतत ओरडून सांगत असतो. ही हाक आपल्यापर्यंत यायला सेकंदाच्या सुमारे पंधराव्या हिश्शाइतका वेळ लागतो. डबी निदान चार उपग्रहांच्या हाका ऐकते, कोणती किती उशिरा आली याचा हिशेब मांडते आणि त्यावरून स्वतःची जागा काढते. आपल्या इस्रोनेही अशीच व्यवस्था उभारायला घेतली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला गेला, आणि पुढे तिला नाविक हे नाव मिळाले. इथपर्यंत डबी केवळ श्रोता आहे. आपली जागा घरी कळवायला तिला मोबाइलसारखे सिमकार्ड लागते. म्हणून रिचार्ज संपला की हा जागल्या जागा असूनही मुका होतो. आणि पत्र्याच्या गोदामात किंवा तळघरात सायकल नेली, तर बहिरा होतो.

दुसरी एक जात आहे, ती याहून चिमुकली. तिला उपग्रहही लागत नाही आणि सिमकार्डही. एका मोठ्या शर्टाच्या बटणाएवढी ती चकती ब्लूटूथने आपली हजेरी लावीत राहते. जवळून जाणाऱ्या अनोळखी लोकांचे मोबाइल ती ऐकतात आणि त्यांच्याही नकळत मालकापर्यंत निरोप पोचवतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये ॲपलची अशी एअरटॅग निघाली, आणि हा प्रकार जगभर लोकप्रिय झाला. वर्षभर पुरेल एवढा तिचा सेल, पुन्हा बिनखर्ची निरोप्ये! पण थोड्याच दिवसांत लोकांच्या ध्यानात आले, की जी चकती सायकलीत लपवता येते, ती कुणाच्या पर्समध्येही लपवता येते. अशा चकत्या टाकून बायकांचा पाठलाग झाल्याची प्रकरणे पुढे आली. अखेर २०२४ च्या मे महिन्यात ॲपल आणि गूगल या दोघांनी मिळून अशी सोय केली, की कुणा परक्याची चकती आपल्याबरोबर सतत प्रवास करू लागली, तर आपल्या मोबाइलने आपल्याला सावध करावे. गंमत अशी, की सायकलचोरालाही हाच इशारा मिळतो! त्याच्या दृष्टीने तीही परक्याची चकतीच. चोरावर पाळत ठेवणारे साधन आणि मुलीवर पाळत ठेवणारे साधन एकच असल्यामुळे एकाला अडवले की दुसऱ्यालाही अडवले जाते. सायकल गेली तरी चालेल, पण मुलगी सुरक्षित राहावी, असा निवाडा त्या कंपन्यांनी केला. मला तो योग्य वाटतो.

हे सारे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि अंगावर येणे वेगळे.

डबी बसवल्याला आठवडा झाला असेल. रात्री जेवताना बाबा सहज म्हणाले, ‘बाय, काल येताना तळ्यापाशी अर्धा तास थांबली होतीस काय गो?’

त्यांच्या आवाजात संशय नव्हता, काळजी होती. खरे तर काळजीपेक्षाही कौतुक अधिक होते. नवे यंत्र किती बरोबर सांगते, याची त्यांना परीक्षा पाहायची होती. मी म्हटले, ‘हो बाबा, थांबले होते.’ ते म्हणाले, ‘बघ! अगदी बरोबर दाखवते.’ आणि त्यांनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. विषय संपला. माझ्या मनातून मात्र तो संपेना.

तळ्यापाशी मी काय करीत होते? सांगते. वक्तृत्व स्पर्धेचे भाषण पाठ करीत होते. आमच्या घरी आजवर कोणी व्यासपीठावर उभे राहिलेले नाही. माजघरात उभे राहून ‘अध्यक्ष महाराज’ म्हटले की आई हसते, धाकटा भाऊ अध्यक्ष होऊन बसतो आणि माझा धीर पळतो. म्हणून मी तळ्याच्या काठी, पाण्यातल्या बगळ्यांना अध्यक्ष करून बोलत होते. हे गुपित काही मोठे नव्हते. पण ते माझे होते. चांगले भाषण करून बक्षीस घरी आणावे आणि मग सांगावे, असे मी ठरवले होते. आता त्या अर्ध्या तासाचा हिशेब एका ठिपक्याने आधीच देऊन टाकला होता. दुसऱ्या दिवशी तळ्यापाशी आले, तेव्हा ब्रेक दाबण्यापूर्वी माझ्या मनात विचार आला: दिसेल का? आणि हा विचार आला, तोच त्या जागेतली मौज गेली.

मुलांना कदाचित यात काही विशेष वाटणार नाही. पण आपल्या वर्गातल्या मुलींना मी काय म्हणते ते चटकन कळेल. घर ते कॉलेज आणि कॉलेज ते घर या दोन टोकांच्या मधला जो रस्ता आहे, तोच पुष्कळ वेळा आपल्या वाट्याचा मोकळा वेळ असतो. तिथे वाईट काही घडत नाही, बहुधा काहीच घडत नाही. पण ते ‘काहीच न घडणे’ कुणाला सांगावे लागत नाही, यातच त्याचे सुख असते.

पुढे घडले ते मात्र उलट दिशेने. आत्याचा एकदा पहाटे फोन आला, की बाबा अजून स्टेशनावर पोचले नाहीत, लोकल जाईल. बाबांचा फोन लागेना, म्हणून मी ठिपका पाहिला. ते माणिकपूर ओलांडून स्टेशनाशी पोचतच होते. काळजी मिटली. पण तोच तो ठिपका परतीच्या वाटेला लागला, आणि मला त्याचा वेग दिसला. जाताना ठिपका झरझर गेला होता. येताना मात्र तो रेंगाळत होता. एके ठिकाणी तर तो चांगली दहाबारा मिनिटे थांबला. मागच्या दिवसांचा आलेख तिथेच खाली होता. रोज तसेच. जाताना वेग, येताना संथपणा, आणि त्याच वळणावर तोच विसावा.

बाबा घरी आले, तेव्हा मी विचारले, ‘बाबा, येताना गाडी हळू का चालते? मोटर बिघडली आहे का?’

‘मोटर ठणठणीत आहे.’

‘मग?’

बाबा जरा संकोचले. आईने चुलीपुढून उत्तर दिले. ‘येताना मोटर बंद ठेवतात ते. पायाने मारतात. चार्ज उरला पाहिजे ना तुला दिवसभर!’

बॅटरी पुरती भरायला चारपाच तास लागतात. बाबा येतात आणि मी निघते, यांत जेमतेम अर्धा तास असतो. जाताना करंड्यांचा भार असतो, तेव्हा मोटरशिवाय चालत नाही. येताना गाडी रिकामी, म्हणून बाबा पाय चालवीत, दमले की त्या वळणावर टेकत. मी कॉलेजला जाताना वाऱ्यासारखी सुटत असे, ती वीज कुठून येत होती, ते मला त्या दिवशी कळले. बाबांचे हेही गुपितच होते, आणि माझ्या भाषणाहून ते कितीतरी मोलाचे होते. ते त्यांनी मला कधी सांगितले असते का? नसतेच. पण म्हणून ते ठिपक्याने सांगावे, हे बरोबर झाले का? मला आनंद झाला, की वाईट वाटले, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. बाबांना मात्र अवघडल्यासारखे झाले, हे मी पाहिले. तळ्याच्या प्रश्नाने मी जशी अवघडले होते, अगदी तसेच.

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की वस्तूवर पहारा असे काही नसतेच. सायकल स्वतः कुठे जात नाही. तिला कोणीतरी नेते. आणि ते ‘कोणीतरी’ वर्षातले तीनशे पासष्ट दिवस आपल्याच घरचे असते. चोर येईल तो एखादा दिवस, किंवा कधीच नाही. त्या एका दिवसासाठी बसवलेला जागल्या उरलेले सारे दिवस आपल्याच माणसांचा माग काढीत राहतो.

वस्तूवरचा पहारा माणसावर सरकतो तेव्हा काय होते, याची मोठी उदाहरणे आपल्या इतिहासात आहेत. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि तो पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाला. चोरी झाली असो वा नसो, जन्मानेच ‘चोर’ ठरवलेल्या माणसांना रोज हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवाना लागे. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात त्यांची वसाहतच होती. तो कायदा १९५२ साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी रद्द झाला. माझ्या निळ्या ठिपक्याची त्या हजेरीशी बरोबरी करणे हास्यास्पद ठरेल. पण ‘तू या वेळी कुठे होतास?’ हा प्रश्न कुणी, कुणाला, कोणत्या अधिकाराने विचारावा, हा मुद्दा दोन्हीकडे एकच आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाद्वारे सांगितले, की खासगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. त्याहून माझ्या विषयाला जवळचा निर्णय ८ जुलै २०२४ चा. जामिनावर सुटलेल्या आरोपीने आपला ठावठिकाणा मोबाइलच्या नकाशावर तपास अधिकाऱ्याला दिसत ठेवावा, अशी अट एका प्रकरणात घातली गेली होती. न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी ती अट रद्द ठरवली. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्याच्याही प्रत्येक पावलावर अशी नजर ठेवता येत नाही. मग ज्याच्यावर कसलाच आरोप नाही, अशा मुलीची, बापाची, आईची गोष्ट काय?

कोणी म्हणेल, मग काढून टाक ती डबी! पण तसे करायला माझे मन धजत नाही. शेजारचे काका अजून पायी जातात, हे मी रोज पाहते. सायकल गेली तर फुले स्टेशनावर पोचणार नाहीत, हप्ते तेवढे उरतील, आणि माझ्या दुसऱ्या वर्षाचे काय होईल ते न बोललेले बरे. तेव्हा जागल्या हवाच. फक्त त्याला जुन्या जागल्याची शिस्त लावायला हवी. एका रविवारी आम्ही चौघे बसलो आणि घरचा कायदा केला. पहिले कलम असे, की सायकलीवर जो बसेल, त्याला डबी आहे हे माहीत असलेच पाहिजे; चोरापासून ती लपवायची, घरच्यांपासून नाही. दुसरे, सायकलीला कुलूप असताना ती जागची हलली, तर घंटा वाजावी अशी योजना त्या डबीत आहे. ती चालू ठेवायची, आणि घंटा वाजल्याखेरीज ठिपका उघडायचा नाही. तिसरे, जुन्या प्रवासाचा आलेख साठवायचा नाही. बाबांनी चौथे कलम सुचवले: कोणाला उशीर झाला, तर त्याने फोन करावा. मी पाचवे सुचवले: परतीच्या वाटेवर मीही मोटर बंद ठेवीन, आणि बाबांनी सकाळी येताना ती चालू ठेवावी. यावर बरीच घासाघीस झाली. आईच्या मध्यस्थीने निम्म्या वाटेवर तह झाला.

ज्या मित्रमैत्रिणींकडे अशा सायकली आहेत, त्यांच्यासाठी आणखी चार गोष्टी. डबी असली तरी कुलूप हवेच. आणि ते चाकाला न लावता सांगाड्यातून खांबाला लावावे. या गाडीत सर्वांत महाग असते ती बॅटरी, आणि चोर कित्येकदा तेवढीच घेऊन जातो; म्हणून ती काढता येत असेल तर बरोबर आत न्यावी. सांगाड्यावरचा आकडा आणि पावती यांचे छायाचित्र आजच काढून ठेवावे. आणि सायकल गेलीच, ठिपका कुणाच्या दारात दिसला, तरी चार पोरे घेऊन तिथे जाऊ नये. ठिपका काही मीटर इकडे-तिकडे होऊ शकतो. आपण भलत्याच माणसाच्या अंगणात उभे राहू, किंवा खऱ्याच चोराच्या तावडीत सापडू. जुना जागल्यासुद्धा शिवेवर थांबत असे. पुढचा माग पोलिसांच्या स्वाधीन करावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे कोणत्याही ठाण्यात, हद्दीचा प्रश्न न येता, फिर्याद देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवले, तर तीन दिवसांच्या आत सही करावी लागते.

आणि यंत्राच्या भरवशावर फार राहू नये. पुण्यात २०१७ च्या डिसेंबरपासून भाड्याच्या सार्वजनिक सायकली सुरू झाल्या होत्या. त्यांचा ठावठिकाणा मोबाइलवर दिसत असे. तरी मोडतोडीच्या आणि चोरीच्या तक्रारी आल्याच, आणि काही वर्षांत त्या सायकली रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. ठिपका सर्वांना दिसत होता; पण ‘ही आपली’ असे म्हणणारे शेजारी तिला नव्हते. आमच्या सायकलीला ते आहेत. मी ती उभी करते, त्या दुकानातल्या आजी ‘ठेव गो, मी हाय’ म्हणतात, तेव्हा मला डबीपेक्षा त्या ‘मी हाय’चा आधार अधिक वाटतो. आजींची नजर सायकलीवर असते; मी कुठे गेले, किती वेळ होते, याचा आलेख त्या ठेवीत नाहीत.

वक्तृत्व स्पर्धेत मला बक्षीस मिळाले नाही. पण भाषणाच्या दिवशी बाबा शेवटच्या रांगेत येऊन बसले होते. त्यांना बोलावले होते मी, स्वतः, तोंडाने. ‘बाय, तळ्यावर हेच करत होतीस होय!’ एवढेच ते नंतर म्हणाले, आणि हसले. जी गोष्ट ठिपक्याने अर्धवट सांगितली होती, ती पुरती व्हायला माझे बोलावणे लागले. म्हणून आता सायकल आली नसेल, तर आम्ही दाराकडे पाहतो, फोन करतो, फार तर नाक्यापर्यंत चालत जातो. मोबाइलमधला ठिपका झोपलेला असतो, आणि झोपलेलाच राहो. माग काढायचा तो चोराचा. घरच्या माणसाची वाट पाहायची असते.